पुढची खोली सुनेच्या नावे

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, बालवर्गाची सेवानिवृत्त शिक्षिका, वकिलांकडून लिहवून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. माझे कोणी कान भरलेले नाहीत, आणि भरायला कोणी आले असते तर दारातूनच परत गेले असते. फक्त उजवा हात कापतो. त्यावरून डोक्याचा अंदाज बांधू नये.

कलम १. घराच्या मागच्या दोन खोल्या व बँकेतील ठेव माझ्या मुलाला मिळावी. तो गुणी आहे, पण कागद जागेवर ठेवत नाही. ठेवीची पावती सुनेकडून मागून घ्यावी.

कलम २. माझ्या कोऱ्या दुरेघी वह्या शेजारच्या वर्गाच्या बाईंना द्याव्यात. माझ्या टेबलावरून त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी नेलेली कात्री त्याच वेळी मागावी. त्या कानांवर हात ठेवतील. कात्रीच्या मुठीवर लाल ठिपका आहे, तो दाखवावा.

कलम ३. पुढची खोली, तिथली बुटकी टेबले व भिंतीवरचा फळा यांसह, माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे व्हावी. मुलगा ती भाड्याने देऊ म्हणतो. देऊ नये. याचे कारण लिहिणे भाग आहे.

एकतीस वर्षे मी चार वर्षांच्या मुलांना लांब पेन्सिल आणि बारीक रेघांची वही दिली. पकड चुकली की अंगठा व दोन बोटे पेन्सिलीला दोऱ्याने बांधत असे. अक्षर सुबक यायचे, तपासणीला येणारे साहेब खूश व्हायचे. नातीलाही मी तसेच बांधले. आठवड्याभरात ती पेन्सिल दिसली की हात पाठीमागे लपवू लागली. सुनेने दोरा कापला आणि म्हणाली, "आई, तिच्या बोटांत अजून जोरच आला नाही. अक्षर कुठून येईल?"

मी तिच्याशी दोन महिने बोलले नाही. तिने याच खोलीत नातीला आणि शेजारच्या मुलांना माती मळायला दिली, चिमट्याने मणी उचलायला लावले, फळ्यावर हात उंच करून मोठाल्या रेघा ओढायला लावल्या. पेन्सिल आली सगळ्यात शेवटी, तीही बोटभर तुकडा. एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचे, सुनेने कुंभारकाम काढले आहे. सहा महिन्यांनी नात आपणहून लिहू लागली. मी ते पाहिले. माझे चुकले. तोंडावर म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून कलमात घालते.

गेल्या वर्षी माझ्या हाताला कंप सुटला, चमचासुद्धा धरवेना. वकील म्हणाले, अंगठा लावा. सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही तर कोणी हरकत घेईल आणि खोली हातची जाईल. मी म्हटले, जन्मभर लिहायला शिकवले, आता अंगठा लावणार नाही. वकिलांनी हात टेकले. सुनेने मात्र मला बुटक्या टेबलाशी बसवले. चार महिने माती, मणी, फळा. मी पेन्सिल आवळली की ती म्हणायची, "आई, सैल धरा. ती कुठे पळून जात नाही." कलम तीनमध्ये काय आहे हे तिला ठाऊक नाही.

कलम ४. सही जुन्या सहीसारखी नसली तरी ती माझीच समजावी. जिला मिळायचे तिने सहीच्या वेळी जवळ नसावे, असे वकिलांचे मत पडले. तिला बाजारात धाडले आहे.

ठिकाण: घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी दहा

सही: (केली)

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर
२. वह्या-पेन्सिलींचे दुकानदार

आम्ही दोघे लिहून देतो की वरील सही बाईंनी पूर्ण शुद्धीत, आमच्या डोळ्यांदेखत केली. नाव पूर्ण लिहिले. अकरा मिनिटे लागली. कोणी त्यांचा हात धरला नाही.