स्क्रीन माझ्याकडेच

१२ नोव्हें.

सकाळची ड्यूटी, इमर्जन्सी. अभनपूरच्या रस्त्यावर स्कूटीवरून पडलेली एक मुलगी आणली. पल्लवी. साडेचार महिन्यांची गरोदर. डावी कूस खरचटलेली, बीपी ठीक, ओठ मात्र पांढरे. सोबत नवरा आणि सासू. घरी तीन वर्षांची एक मुलगी आहे, हे सासूने न विचारताच सांगितलं.

इकडे हिंदी मुलखात सगळे हिंदीच बोलतात, पण माझ्या नावाची पट्टी वाचून सासूबाई मराठीत आल्या. "आपल्यातल्याच निघाल्या तुमी. बरं झालं."

गरोदर बाईच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवायचा तर कायद्याचा फॉर्म भरावा लागतो. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, या ओळीखाली पल्लवीने सही केली. स्क्रीन नेहमीप्रमाणे माझ्याकडे. नातेवाईक पलीकडे उभे. त्यांना दिसतो तो फक्त माझा चेहरा.

उजवी बाजू स्वच्छ. डावीकडे बरगडीखाली, प्लीहेच्या, म्हणजे तिल्लीच्या, कडेला एक बारीक काळी रेघ. पुन्हा पाहिलं. होतीच. रक्त. मग खाली येऊन बाळाचं हृदय पाहिलं, छान फडफडत होतं. पण तोवर माझ्या तोंडावर जे यायचं ते येऊन गेलं असणार.

म्हणाले, बाळ ठीक आहे, पल्लवीला भरती करावं लागेल. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग मुलाकडे. पल्लवीला काय झालंय ते दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. आता वाटतंय.

१३ नोव्हें.

प. स्थिर. सर्जन सर म्हणाले, ऑपरेशन नको, बघत राहू. दर काही तासांनी मीच मशीन लावते. रेघ वाढलेली नाही.

दुपारी यामिनी सिस्टर चहा घेऊन आली नि हळूच म्हणाली, "मैडम, वो लोग बोल रहे हैं आपने इशारे में बता दिया. लड़की है."

मी पाहिलंसुद्धा नाही. सरळ वॉर्डात गेले. सासूबाई बाहेरच्या बाकावर.

"काकू, मी काही सांगितलेलं नाही. मी ते बघतच नाही."

"समजते मले. तुमाले बोलता येत नाई, कायदा हाय. पण तोंड तं पडलं न तुमचं."

"ते रक्त बघून पडलं. सुनेच्या पोटात रक्त आहे."

"हव."

एवढंच. त्या होकाराच्या 'हव'पुढे काही सरकत नाही. वर मलाच पाणी दिलं. "नका येवढं मनाला लावून घेऊ. तुमचा काय दोष."

खरं तर फार प्रेमाने बोलल्या. मी जे जे नाकारते ते त्यांच्या हिशेबाने होकार आहे. मुलगा असता तर डॉक्टरीण हसली असती, असं त्यांचं गणित. आणि ते अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. लोकांना आजवर असंच कळत आलंय. कोणा डॉक्टरने पेढे कधी देता म्हणून विचारलं, कोणी गप्प राहिलं.

१४ नोव्हें.

प.चं जेवणाचं ताट तसंच. तपासताना एकटी होती.

"मॅडम, तुमी मुलगा हाय म्हणून सांगून टाका न."

"मला माहीत नाही, पल्लवी. खरंच."

"मग तं खोटंबी नाई होत पूर्ण. बाळंतपणापर्यंत घरात शांती राहीन. पुढचं पुढं."

कायदा सांगितला. म्हणाली, "कायदा तुमच्यासाठी हाय जी. माझ्या घरी कोण येते."

हा मार्ग सोपा होता. एक हसू पुरलं असतं, शब्दही नको. हसले नाही. हसले असते तर त्यांचं गणित मीच खरं केलं असतं. आणि ज्या दिवशी मुलगी झाली त्या दिवशी ती एकटी असती. पण आज ती एकटी आहे, त्याचं काय.

संध्याकाळी वेगळंच केलं. सासूबाईंना आत बोलावलं, प्रोब बरगडीवरच ठेवला, जराही खाली नेला नाही, आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ही तिची तिल्ली. ही काळी रेघ, हे रक्त. हे बघून माझं तोंड पडलं."

खूप वेळ बघितलं त्यांनी. "मले तं सगळं धुकंच दिसते." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "किती कराल बाई आमच्यासाठी. समजलं मले."

काही समजलेलं नव्हतं.

१५ नोव्हें.

नवरा भेटला. मराठी समजतं त्याला, उत्तर हिंदीत. "मैडम, छुट्टी दे दीजिए. दूसरी जगह दिखाना है. मामाजी की पहचान है." कुठे दाखवायचंय विचारलं, तर मोबाईल बघायला लागला. वाईट वाटला नाही मुलगा. पल्लवीच्या पायावर शाल ओढून गेला. पण गाडी ठरवून झाली आहे, हे यामिनीकडून कळलं.

तक्रार कशाची करू? कोणी काही केलेलं नाही. एक बाई एका चेहऱ्यावरून काहीतरी समजली आहे, एवढंच. तो चेहरा माझा.

आईला जेवताना सांगितलं. म्हणाली, "तुह्या तोंडावर लहानपणापासून सगळंच दिसते. शाळेतून आली की दारातूनच समजे मले." मग माझ्या ताटात पोळी वाढत, "पण त्या पोरीले सोडू नको आता."

१६ नोव्हें.

सर म्हणाले, उद्या सुट्टी देऊ. तीन आठवडे आराम, प्रवास नको, वजन उचलायचं नाही.

मी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. गाडीत एक धक्का बसला तरी तिल्ली फुटू शकते, रक्त थांबणार नाही, पल्लवी वाटेतच जाईल. यातलं भय खरं आहे. पण प्रवास सहा आठवडे नको म्हणाले मी. ते खरं नाही.

सहा आठवड्यांनी सहावा महिना संपलेला असेल. मग त्या 'दुसऱ्या जागी'सुद्धा कोणी गर्भाला हात लावायला धजणार नाही. हे मी आधी ठरवलं नव्हतं. 'तीन' म्हणायला तोंड उघडलं आणि 'सहा' निघालं.

सासूबाई म्हणाल्या, "घरचं कोण करीन?" पण घाबरल्या. नवरा जास्त घाबरला. त्याने गाडीवाल्याला माझ्यासमोरच फोन करून नको सांगितलं.

मुलगा आहे असं खोटं मी बोलले नाही. हे बोलले. दोन्हींत फरक आहे असं दिवसभर स्वतःला सांगते आहे. आहेही. तरी सरांच्या नजरेला नजर दिली नाही. आणि सहा आठवडे पलंगावर तिला कोणाचे टोमणे ऐकावे लागतील, त्या छोटीला उचलूनही घेता येणार नाही, हे मी तिला न विचारता ठरवून टाकलं.

२० नोव्हें.

ड्यूटीवर दोनदा प्रोब हातात थांबला. एक शिक्षक, छातीत पाणी. एक म्हातारी, काही नाही. दोघांचे नातेवाईक माझ्याकडे टक लावून. हे असं नेहमीच बघत असणार. मी पहिल्यांदा पाहिलं.

२७ नोव्हें.

प. दाखवायला आली. नवऱ्याने स्कूटी आणली नाही, रिक्षाने हळूहळू आणलं. सासूबाई नव्हत्या. छोटीला बघायला घरी थांबल्या म्हणाला.

प्रोब ठेवला. स्क्रीन माझ्याकडे, नवरा पलीकडे. काळी रेघ शोधत राहिले. नाही. सगळीकडून बघितलं. खाली बाळाचं हृदय, जोरात.

आनंद झाला तो दाखवायचा नव्हता. हसले तर मुलगा. आणि बरी झाली म्हणाले तर गाडी. ओठ मिटून स्क्रीनकडेच बघत राहिले.

"मैडम, कैसा है?"

"आराम अजून पाहिजे. ठरल्याप्रमाणे."

त्याने मान हलवली. आवाजात चिंता होती. बायकोची, असं मला वाटलं. माझा चेहरा वाचण्यात त्याची आई चुकली, तशी त्याचा वाचण्यात मीही चुकत असेन.

गोळ्या आणायला तो बाहेर गेला. प. पोटावरचं जेल पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मॅडम, बरी झाली न मी?"

मी प्रोब पुसून जागेवर ठेवला.

"मले लवकर बरी नका करू जी."

पुढची तारीख दिली. दोन आठवड्यांनंतरची.