हात न टेकता

माय,

मी हे खाली बसून लिहून राहिलो. फरशीवर, मांडी घालून, समोर पाट आणि पाटावर कागद. हे तुला आधी सांगायलाच पाहिजे होतं, बाकी सगळं नंतर. काल अमरावतीला तुझ्या नातीचं लग्न झालं, ती तिच्या घरी गेली आणि आज सकाळी आम्ही दोघं अकोल्याला परत आलो. घरभर पिशव्या पडल्यात, उरलेला चिवडा आहे, आहेरातल्या टोप्या आहेत, आणि मला त्यातलं काही आवरायचं सुचत नाही. मला नुसतं बोलायचं आहे. बायको म्हणते, "अवं, किती येळ तेच ते सांगसान? मी तेथंच होती ना." म्हणून तुझ्याकडे वळलो. तू होतीस तोवर तुझ्याशी वऱ्हाडीच बोललो, पण हातात पेन आलं की शाळेतली मराठी येते, तेवढं चालवून घे. तू गेलीस तेव्हा ही पोट्टी पाळण्यात होती, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगतो.

साखरपुडा परतवाड्याला झाला, मुलाच्या घरी. अंगणात पाट मांडले होते. मी पाटावर बसलो म्हणजे काय, धपकन पडलोच. पण उठायची वेळ आली तर उठणंच होईना. एक हात टेकला, मग दुसरा टेकला, मग गुडघ्यावर आलो आणि तिथंच अडकलो, गाळात बसलेल्या बैलासारखा. शेवटी व्याही आणि त्यांचा भाऊ, दोघांनी बगलेत हात घालून मला उभं केलं. तो भाऊ म्हणाला, "जॅक आना बावा कोनी, गाडी पंक्चर झाली." सगळे हसले, मीही हसलो, न हसून सांगतो कोणाला. त्यांचे गुरुजी भले माणूस, म्हणाले, "लग्नात खुर्ची ठेवू हो, आजकाल चालतं." परत येताना जीपमध्ये लेक माझ्या शेजारी बसली होती. बाहेर बघत हळूच म्हणाली, "बाबा, खुर्चीवरच बसा. मले काही वाटत नाही."

ते "मले काही वाटत नाही" मला जॅकपेक्षा जास्त लागलं. ती मनापासून बोलली, त्यात टोमणा नव्हता, पण तिला काही वाटावं असं मला वाटत होतं. माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं, कन्यादानाला ती खाली पाटावर आणि मी वर खुर्चीत, तिचा हात हातात घ्यायला मला वाकायचंय आणि पोट मधे येतंय. एकुलती एक लेक. तो हात एकदाच द्यायचा असतो. मी जीपमध्येच ठरवलं, बसीन तर तिच्याजवळ पाटावरच.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गुडघ्याचा फोटो काढला, पाय वाकवून पाहिला, म्हणाले, "काका, गुडघा शाबूत आहे. खाली बसायची सवय गेली तुमची." खरंच होतं ते. जुन्या शहरातलं माझं चष्म्याचं दुकान तुला ठाऊक आहे, तिथं दिवसभर उंच स्टुलावर. घरी आलो की डायनिंग टेबल, मग सोफा, मग पलंग. जमिनीला फक्त माझे तळपाय लागत होते, तेही चप्पल काढली तर. आता गुडघा शाबूत म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. नवे बूट घेतले, ट्रॅकपँट घेतली, पहाटे मैदानावर पळायला गेलो, भात बंद केला, पोळी बंद केली, साखर बंद केली, सगळं एकाच दिवशी. दोन दिवसांत गुडघा नारळाएवढा झाला आणि मी पलंगावर आडवा. बायको शेकायला बसली आणि मी म्हणालो, "जाऊ दे, खुर्ची त खुर्ची. मी हात टेकले बाप्पा." आणि हे बोललो तेव्हाच तू आठवलीस, कारण हे दोन शब्द तुला अजिबात चालत नव्हते.

वलगावचं आपलं स्वयंपाकघर. मी लहान आहे, गोठ्याच्या माळ्यावरून पडलोय, पायाचं प्लास्टर नुकतंच कापलंय, आणि मी खाली बसायला तयार नाही. रडतोय, उभ्यानंच जेवीन म्हणतोय. तू चुलीपुढे बसली आहेस. तू उठतेस, कोपऱ्यातली रिकामी पोती आणतेस, घड्या घालून त्यांची चांगली उंच चळत लावतेस आणि मला त्यावर बसवतेस. मी राजासारखा वर बसून जेवतो. त्या चळतीतलं एकेक पोतं तू दर दोन-चार दिवसांनी काढून घेत होतीस हे मला कळलंच नाही. एक दिवस पाहतो तर मी सगळ्यांच्या बरोबर जमिनीवर, आणि तू भाकरी थापता थापता हसतेस, "एक एक पोतं काढत गेली मी. एका पोत्यासाठी कोनी भांडते का?" मी जेवून उठताना जमिनीवर हात टेकला की लगेच ओरडायचीस, "हात नोको टेकू रे पोट्ट्या. हात मोकये ठेव." का, विचारलं तर म्हणायचीस, "उठतानी हातात काही ना काही असते. मी तवा घेऊन उठतो, तू ताट घेऊन ऊठ." तू खरंच उठायचीस तशी, दोन्ही हातांत गरम भांडं धरून, जसं काही जमीनच तुला वर ढकलत होती.

तर माय, मी तेच केलं. पोती कुठून आणू, गोधड्या होत्या. दिवाणातल्या सगळ्या बाहेर काढल्या, चळत लावली आणि ठरवलं, फक्त सकाळचा चहा तिच्यावर बसून प्यायचा. बाकी दिवस जसा आहे तसा, बूट कपाटात, भात ताटात. बायको म्हणाली, "काहून करून राह्यले हे नाटक?" मी म्हणालो, चहाच त पिऊन राहिलो. पोळीचं भांडण नाही, साखरेचं नाही, एका चहासाठी कोण भांडेल? जमलं तसं एक गोधडी काढायची. एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरला की काढलेली परत ठेवायची, त्यात लाज नाही. चहा जमला म्हणून मग रात्रीचं जेवणही खाली आणलं. आता गंमत ऐक. खाली बसलं की मधे डायनिंग टेबल येतं आणि टीव्ही दिसतच नाही. मग टीव्ही आपोआप बंद. टीव्ही बंद म्हणून बायको बोलायला लागली, मी ऐकायला लागलो, आणि बोलण्याच्या नादात तिसरी पोळी मागायची राहून जायला लागली. काही दिवसांनी तीही तिचं ताट घेऊन खाली आली, म्हणाली, "तुमच्यापायी मलेबी खाली बसा लागून राह्यलं." पण चेहरा खुललेला होता. पट्टा एक भोक आत गेला. दुकानात गिऱ्हाईक आलं की स्टुलावरून उतरून फ्रेम दाखवायला लागलो. मी यातलं काही ठरवलं नव्हतं, मी नुसता चहा खाली आणला होता.

एकदा फजिती झाली. उरलेल्या सगळ्या गोधड्या एकदम काढल्या, घाई, दुसरं काय. बायको बाजारात, फोन टेबलावर वाजतोय, नोकरीच्या गावाहून लेकीचाच फोन, आणि मी फरशीवर चिकटलेला. हात टेकले असते तर उठलो असतो. पण मी बसूनच राहिलो आणि हसत सुटलो, फोन वाजून वाजून बंद पडला. बायको आली तेव्हा म्हणाली, "खाली काय शोधून राह्यले?" दुसऱ्या दिवशी दोन गोधड्या परत आल्या. लेकीला यातलं आम्ही काहीच सांगितलं नाही.

काल मांडवात पाटाशेजारी खुर्ची ठेवलेली होती, वर पांढरं कापड टाकून. गुरुजी माझ्याकडे पाहून खुर्चीकडे हात करतात, तो व्याह्यांचा जॅकवाला भाऊ मागे उभाच. मी खुर्ची बाजूला सरकवली, धोतर आवरलं आणि बसलो. हळूच, हात न टेकता. लेकीनं मुंडावळ्यांतून वर पाहिलं. तिचा चेहरा काय सांगू तुला, ती लहानपणी जत्रेत पाळण्यातून खाली पाहायची तसा झाला. मग तिचा हात माझ्या हातात, खाली जावयाचा, वरून बायकोनं सोडलेली पाण्याची धार. मी तिच्या बरोबरीनं बसलो होतो आणि मला वाकावं लागलं नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

आता आतून बायको हाक मारून राहिली, "या, ताटं मांडली." हा कागद घडी करून गोधड्यांच्या घडीत ठेवून देतो, तो कुठं धाडायचा आहे. फक्त एक गोष्ट राहिली. विधी संपला, गुरुजी म्हणाले उठा. मी पाय जवळ घेतले, हात मोकळे ठेवले, अंग पुढं झोकलं. तेवढ्यात लेक माझ्या आधी उठली, वळली आणि मेंदीचा हात पुढे करून म्हणाली, "बाबा, धरा." मला उठता येत होतं, माय. खरंच येत होतं, आज सकाळीही उठून पाहिलं. पण मी तिचा हात धरला आणि मुद्दाम जरासा भार टाकला. बाबांना तिनं उठवलं असं तिला वाटून राहिलं असेल. वाटू दे. मी तिला सांगणार नाही.