तसबिरीमागची प्रत

पाला, ४ जून २०२४

ती. कुरियच्चन मामांना, जिल्मीचा सा. न. वि. वि.

अम्मच्चीने आपली इच्छा लिहून दिली. साक्षीदार, नोटरी, सगळं रीतसर झालं. घशात नळी नको, मोठ्या इस्पितळात हलवायचं नाही. शेवटी घरच्या माणसाने ओठांवर पाणी सोडावं आणि कानात ईशो, मरियम, यौसेप ही पवित्र कुटुंबाची नावं म्हणावीत. तिच्या वतीने बोलणारे तुम्ही, म्हणून तुमची सही लागेल. माझ्या आईचं मरण कागदावर मांडतेस का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, कॅनडाला जाताना त्याने मला विचारलं होतं का? मी विचारतेय, हेच खूप झालं म्हणावं.

मूळ कागद वृद्धाश्रमाच्या सिस्टर फिलोंच्या कपाटात राहील. एक प्रत अम्मच्चीने खोलीतल्या येशूच्या तसबिरीमागे खोचायला लावली. घरी वीजबिलंही तिथेच असायची ना! नोंदी ठेवायची ही जागा नव्हे, हे मी सांगून पाहिलं.

लोभ आहे तसाच राहू द्या.

जिल्मी

टोरांटो, २१ जून

चि. जिल्मीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

सही पाठवली. हात जड झाला गं. ऑक्सिजनची यंत्रं दुरुस्त करता करता तूही यंत्रच झालीस की काय? एवढ्या लांबून मी तिच्या कानाशी कसा पोचू, तेवढं बघ.

तुझा,
कुरियच्चन मामा

पाला, १९ ऑगस्ट

ती. मामांना, सा. न. वि. वि.

फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. परवा अम्मच्चीचा श्वास अडखळला तेव्हा सिस्टर फिलो मौनध्यानाला गेल्या होत्या, कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर. नव्या नर्सने, डेल्नाने, अँब्युलन्स बोलावली. अम्मच्ची तसबिरीकडे बोट दाखवत राहिली. डेल्नाला वाटलं, तिला प्रार्थना हवीय. ती गुडघे टेकून बसली. शेजारच्या खाटेवरची एलियाम्मा ओरडली, की पोरी, देवाच्या तोंडाकडे काय बघतेस, पाठीमागे बघ!

मी पोचले तेव्हा डेल्ना स्ट्रेचर अडवून दारात उभी होती, हातात ती प्रत. पाणी मी सोडलं. तुमचा फोन तिच्या कानाशी धरला. यौसेप म्हणताना तुमचा आवाज फाटला, पण तो तिच्यापर्यंत गेला. तिचे ओठ हलले. डेल्ना आणि एलियाम्माचे आभार मी मानले आहेत. तसबिरीबद्दल अम्मच्चीचं बरोबर होतं.

तुमची,
जिल्मी

टोरांटो, ३ सप्टेंबर

चि. जिल्मीस, अनेक आशीर्वाद.

आईला हवं तसं जाता आलं, तुम्हा सगळ्यांमुळे. हे ऋण मी जन्मभर आनंदाने वागवीन. आता माझाही कागद केलाय. कानात बोलणारी म्हणून तुझं नाव घातलंय. तेवढ्यापुरती आवाजात थोडी ऊब आण, नाहीतर यंत्र बोलतंय समजून मी उठून बसायचो.

माया अशीच असू दे.

कुरियच्चन मामा