यमुताईंचं पाठ उत्तर

सोमवार, ३ फेब्रुवारी

अडतीस टक्के उचललेलं! माझा प्रकल्प! कॉलेजचं सॉफ्टवेअर असं म्हणतं, आणि प्रेमलता मॅडम सॉफ्टवेअरचंच ऐकतात. जरीपटक्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या बायांवरचा अहवाल. रविवारमागून रविवार बाजारात बसून केला मी तो, डोक्यावर ऊन घेऊन.

मॅडमनी एका जुन्या मुलीचा अहवाल पुढे सरकवला. त्यातही माझ्या अहवालातल्याच यमुताई. त्यातही तीच उत्तरं, हेसुद्धा – "बाजारात बसली की मी कोणाची बायको नाही, कोणाची माय नाही, माझी मी आहे." माझ्याकडे शब्द न् शब्द तसाच.

"उचललं म्हणून लिहून दे, दुसरा विषय घे. नाहीतर शून्य."

शून्य म्हणजे वर्ष गेलं. तरी लिहून देणार नाही. जे केलंच नाही ते काय म्हणून कबूल करू?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

रूमवर मोनालीचं सुरू – "देऊन टाक नं वं लिहून. काहून डोकं लावून राहिली?"

हिचे सहा टक्के आले. ही बाई सर्वेक्षणासाठी आमच्या बेसा भागाच्या बाहेर पडली नाही. सगळं नेटवरून घेतलं आणि शब्द फिरवले. हिला शाबासकी, मला शून्य. वा रे न्याय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नाही दिलं लिहून.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मॅडमना मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. यमुताईंचा आवाज, मागे टमाटरवाल्याची ओरड, सगळं स्पष्ट. मॅडम म्हणाल्या, "पढवून घेतलं असशील त्यांच्याकडून."

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "मग चला बाजारात. तुम्हीच विचारा."

सगळी स्टाफरूम आमच्याकडे बघत होती. मॅडमना नाही म्हणता येईना. रविवार ठरला.

रविवार, ९ फेब्रुवारी

यमुताई सांभाराच्या – मॅडमच्या भाषेत कोथिंबिरीच्या – जुड्या बांधत होत्या. मॅडमना पाहिलं आणि उठून उभ्याच राहिल्या. "अवं बाई, तू! किती वर्सानं आली वं!"

मॅडमची पीएचडी याच बाजारावर झाली, हे मला तेव्हा कळलं. प्रबंध इंग्रजीत, म्हणून सॉफ्टवेअरलाही पत्ता नाही.

मी तोच प्रश्न विचारला – बाजारात बसल्यावर कसं वाटतं? यमुताईंनी तेच वाक्य म्हटलं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी मॅडमकडे असं पाहिलं की विचारू नका.

तेवढ्यात यमुताई मॅडमना म्हणाल्या, "बरोबर म्हटलं नं? तूच त सांगतलं होतं, यमुताई, तुमच्या बोलण्याचा अर्थ असा होते म्हणून. मले लय आवडलं. तवापासून जे पोरगी येते, तिले हेच सांगतो."

मॅडमनी एक जुडी उचलली, परत ठेवली. ऑटोत बसताना म्हणाल्या, "शून्य काढते तुझं."

"आणि मग उचललं कोणी, मॅडम?"

त्यांनी ऑटोवाल्याला निघायला सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पास! आणि वर 'उत्कृष्ट' शेरा. मोनालीला पोहे-तर्री खिलवली.

रविवार, १६ फेब्रुवारी

एकटीच गेले. प्रश्नावली नाही, मोबाइल पर्समध्ये. सांभार निवडू लागले. मधेच म्हटलं, "यमुताई, ते मॅडमचं झालं. तुम्हाला कसं वाटतं इथं?"

एक गिऱ्हाईक आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. मग त्या खाली बघूनच बोलल्या – "मले नाही आवडत वं हा बाजार. एक दिवस नाही आवडला. घरी जाऊन निजावं वाटते."

सोमवार, १७ फेब्रुवारी

पास झालेला अहवाल मीच परत मागितला. मॅडम म्हणाल्या, "आता काय झालं? वर्ष जाईल तुझं."

म्हटलं, "जाऊ द्या. वाक्य तुमचं होतं, ते तुम्ही ठेवा. यमुताईंचं मला आता लिहायचं आहे."