हरणाला घातलेली हाक

३० मार्च, सोमवार
मित्रवर्य यतिनने गेल्या वर्षी धनुष्यबाणाने हरीण मारलं. तेव्हापासून आमच्या पॉइंट कुक उपनगरातल्या प्रत्येक बार्बेक्यूत तेच पुराण. यंदा माझी पाळी. एप्रिलमध्ये फॅलो हरणांचे नर माजावर येतात. दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की भांडायला धावतात. तो आवाज काढायची नळी आणली. लायसन्स आहे, फार्मवाल्याची परवानगी आहे.
मितालीलाही नेणार. पूर्वी फिशिंगला यायची. आता नुसतं 'नो थँक्स, डॅड'. कारण काय, तर म्हणे मी चिडतो. मी? कार्टीला काही अक्कल?
निश्चय: शिकार होईपर्यंत चिडायचं नाही.

४ एप्रिल, शनिवार
गॅरेजमध्ये प्रॅक्टिस. घोरल्यासारखा आवाज यायला हवा. मंजिरी म्हणाली, त्यासाठी नळी कशाला, मी रोज ऐकते. बायको आहे की वैरीण? शेजारी येऊन विचारून गेला, घरात कोणी आजारी आहे का. भोचक मेला.
यतिनचा सल्ला: थोडा आवाज काढायचा आणि मग गप्प बसायचं. मला शिकवतोय!

११ एप्रिल, शनिवार
यतिन आजच चल म्हणत होता. मी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त सोडणार नाही. तर म्हणे, हरणं पंचांग बघत नाहीत. फोन आपटला. स्क्रीनला तडा. यतिनमुळे.

१८ एप्रिल, शनिवार
पूजा झाली. धनुष्य देवघरात मावेना, ते गाडीत ठेवलं. बाण देवांपुढे, हळदकुंकू वाहून. मंजिरीला बजावलं, मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मिताली येत नाहीये. न येऊ दे.

१९ एप्रिल, रविवार, अक्षय्य तृतीया
सकाळी सात. टेकडीवर. नळी फुंकून गाल दुखले. एक कांगारू बघून गेला.
आठ. बाण देवघरातच!! मंजिरीला फोन केला. शांतपणे म्हणाली, तूच हात लावू नको म्हणालास. मग मात्र माझा तोल गेला. देवघर, मुहूर्त, तिचं माहेर, यतिन, सगळ्यांचा उद्धार केला. घसा फाटेस्तोवर.
मागे फांदी मोडली. बघतो तर नर! ही एवढी शिंगं. खुराने माती उकरत, थेट माझ्याकडे बघत उभा. माझ्या हातात नुसतं धनुष्य. मी गप्प झालो. तो जरा थांबला आणि निघून गेला.

संध्याकाळ. घरी सांगितलं, हरीण माझ्या नुसत्या आवाजावर आलं, नळीसुद्धा लागली नाही. यतिनला जमेल?
सकाळी मंजिरीचा फोन स्पीकरवर होता. मितालीने सगळं ऐकलं होतं. ती चक्क मराठीत बोलली. म्हणाली, बाबा, त्याला वाटलं तू त्याच्याशीच भांडतोयस, म्हणून तो आला. आम्हालाही रोज तसंच वाटतं. पण आम्ही आत निघून जातो.
आणि गेली.
यात माझं काय चुकलं, विचारायला मागोमाग गेलो. दार लावलेलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं.