शेवटच्याच्या मागे

बोसा, ११ मे, दुपार

प्रिय कादेरीना,

तुला आणि एलियाला माझे पुष्कळ आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण क्लच दाबण्यापुरता चालतो. एलियाचा खोकला गेला का? तोरिनोची हवा ओली. त्याला रात्री पाय उघडे टाकू देऊ नकोस. शाळेत खिडकीजवळ बसवत असतील तर बाईंना सांग. तू म्हणशील, सासऱ्याला दुसरा उद्योग नाही. नाहीच.

यंदा असुंताने मला पुन्हा गाडीवर बोलावलं. दोन वर्षं मी नाही म्हणत होतो. पण तिच्या ड्रायव्हरचं मनगट मोडलं आणि ती दारात येऊन बसली. म्हणाली, "बान्तिनेकाका, तुमचा लारेंतु आणि मी मिळून या सायकलच्या सहली उभ्या केल्या. आता मी एकटी ओढते आहे. तुम्ही तरी हात द्या." उद्या निघायचं. तोच रस्ता, या किनाऱ्यापासून डोंगर चढून पलीकडे आपल्या गावाला आणि तिथून खाली बंदराला. यंदा अकरा माणसं आहेत. हॉलंडचं एक जोडपं आहे, दोघांचे सदरे एकसारखे. बेल्जियमचे एक दातांचे डॉक्टर आहेत, योस नावाचे, आता निवृत्त. तेच शेवटी राहणार, आजच दिसतंय. त्यांची सायकल त्यांच्यापेक्षा हुशार आहे.

सगळ्यांचे ब्रेक मी तपासले. परत तपासले. असुंता सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, अजून एकदा तपासलेत तर ते झिजूनच जातील."

माझं काम तेच, शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. त्याच्या पुढे कधी जायचं नाही, त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं करत पान भरत आलं. तू ते नाव काढायचं नाही असं बजावलं आहेस. मी काढत नाही. इतकंच सांगतो की तुझ्या माहेरी आजारपण आहे. तू यायलाच हवं असं नाही. प्रवास लांबचा, बोटीचा, आणि तुझी बेकरीतली नोकरी नवीन. मी फक्त कळवलं.

एलियाने गेल्या ऑगस्टमध्ये तुझ्याकडे तक्रार केली म्हणे, की आजोबा ब्रेड आणायला लांबच्या गल्लीने नेतात. त्या गल्लीत सावली असते.

तुझा सासरा,
बान्तिने

गावोई, १३ मे, संध्याकाळी पाचच्या सुमारास

प्रिय कादेरीना,

आधीचं पत्र पोचलं असेल की नाही कोण जाणे. बोसाची ती टपालपेटी मला भरवशाची वाटली नाही. झाकण गंजलेलं होतं. म्हणून तेच पुन्हा लिहितो, आणि जरा नीट लिहितो.

तुझे वडील प्रेदु अंथरुणाला खिळले आहेत. फुप्फुसात पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघेलसं वाटत नाही. नाव लिहिलं. रागावू नकोस, किंवा रागाव, पण वाच.

इथे तळ्याकाठी थांबलो आहोत. माणसं आंघोळी करून आली आणि चीज पाहून वेडी झाली. हॉलंडच्या बाईने चिजाचा इतका मोठा तुकडा घेतला, की वाढणाऱ्या बाईने विचारलं, "हिला विचारा, बांधून देऊ की इथेच राहते?" सगळे हसले. मीही हसलो. हसल्यावर मला नेहमी वाटतं की कुणी तरी बघत असेल.

आज वाटेत योस डॉक्टर थांबले आणि माझ्याकडे येऊन हातवारे करून बरंच काही बोलले. मी घाबरलो, म्हटलं चाक गेलं. असुंता मागे आली, ऐकलं आणि हसत सुटली. "काका, ते म्हणतायत, तुम्ही मागून इतके हळू आणि इतके चिकटून येता, की त्यांना स्वतःच्याच अंत्ययात्रेत सायकल चालवल्यासारखं वाटतं. जरा अंतर ठेवा म्हणतायत."

मग तिचं हसू मध्येच थांबलं. ती म्हणाली, "मी आपलं ते बोलले तेच सांगितलं."

मी म्हटलं, "सांग त्यांना, अंतर ठेवणार नाही."

तिने काय सांगितलं माहीत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि पुढे निघाले. त्यानंतर त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

कादेरीना, तू त्या दिवशी मला विचारलं होतंस, "बाबा, तुम्ही कुठे होता?" मी काय उत्तर दिलं ते तुला आठवतं. मलाही आठवतं. हे सगळं तळ्याकडे बघत लिहितो आहे, म्हणून असेल. तिसरीनंतर शाळा सुटली, त्यामुळे मनातलं क्रमाने मांडता येत नाही. उद्या दोर्गाली, परवा खिंड. आज इतकंच.

एलियाला सांग, आजोबांच्या गाडीचा भोंगा दुरुस्त झाला.

बान्तिने

घरून, १६ मे, सकाळ

कादेरीना,

माणसं नाश्ता करतायत. तासाभरात निघून बंदराला जायचं आहे. त्याआधी हे पत्र संपवून असुंताच्या हाती द्यायचं, नाहीतर मी ते फाडेन. गावोईचं पत्र अजून खिशातच होतं, ते याच पाकिटात घालतो.

काल आम्ही खिंड चढलो. वर वारा होता. योस डॉक्टर नेहमीसारखे शेवटी, मी त्यांच्या मागे. उताराला लागलो आणि डाव्या हाताला तुझ्या वडिलांचा गोठा आला. दगडी कुंपण पडलंय. आत गवत कमरेएवढं झालंय. प्रेदुने सगळा कळप विकला, हे तुला कुणी सांगितलं असेल. का विकला ते कुणी सांगितलं नसेल. लोक त्याच्या तोंडावर म्हणायला लागले होते, की याच शेळ्यांनी त्याच्या जावयाचा जीव घेतला. तो कुणाला काही बोलला नाही. एके दिवशी ट्रक बोलावला आणि एकशे वीस शेळ्या चढवून दिल्या.

त्या शेळ्यांनी काही केलं नव्हतं.

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुढे लिहिणं होणार नाही.

त्या दिवशी आम्ही असेच उतरत होतो. दहा माणसं पुढे, सगळ्यांत शेवटी लारेंतु, आणि त्याच्या मागे माझी गाडी. गोठ्यापाशी प्रेदु रस्त्याच्या कडेला उभा होता. आमचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती, तुला माहीत आहे. एलियाच्या बाप्तिस्म्याला त्याने चार करडं आणली आणि मी खाली हॉटेलातून मासे मागवले होते. माझा तोरा. त्याने करडं परत नेली आणि त्या दिवसापासून मी त्याच्या दारावरून मान वळवून जात असे. दोघे व्याही, दोन गल्ल्यांचं अंतर, आणि मधल्यामध्ये तू आणि लारेंतु निरोप पोचवत होतात.

त्या दिवशी त्याने हात वर केला. हातात पेला होता. म्हणाला, "बान्तिने, उतर. की अजून मासेच हवेत?"

आपल्याकडे अशी हाक आल्यावर गाडी पुढे नेली, तर पुन्हा हाक येत नाही. मी भोंगा वाजवला. लारेंतुने मागे वळून पाहिलं. त्याने प्रेदुला पाहिलं, पेला पाहिला, आणि पोरी, तो हसला. लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून. हाताने मला खूण केली, थांबा, थांबा, उतरा. आणि वळणाकडे गेला.

शेळ्या त्या दिवशी खाली दरीत होत्या. रस्त्यावर एकही नव्हती.

मी एक पेला घेतला. मग त्याने चीज कापलं. मग दुसरा पेला. मी म्हटलं माशांचं चुकलं. तो म्हणाला, करडं तशीही बारीकच होती. आम्ही दोघे रडलो, म्हाताऱ्यांनी रडावं तसे, नाक पुसत. पाऊण तास गेला. मला वाटत होतं लारेंतु खाली पोचला असेल. खाली कारंज्यापाशी थांबलेल्या माणसांना वाटत होतं तो माझ्याबरोबर आहे. आणि तो त्या वळणाखाली पडला होता. बारीक खडीवर चाक घसरलं होतं, असं नंतर रस्ता मोजायला आलेल्या पोलिसांनी सांगितलं.

हॉस्पिटलातले डॉक्टर तुला म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर. ते मीही ऐकलं, दारामागे उभा राहून.

मग देवळात, त्याच्या शवपेटीपाशी, तू विचारलंस, "बाबा, तुम्ही त्याच्या मागेच असता ना नेहमी? कुठे होता?" सगळं गाव ऐकत होतं. मी म्हटलं, शेळ्या आडव्या आल्या. तू म्हणालीस, "कुणाच्या? आमच्या?"

मी मान हलवली. नुसती मान. तोंडाने मी त्याचं नाव घेतलं नाही, हे दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याने काय फरक पडतो.

तू सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि जे बोललीस ते बोललीस. त्याने टोपी काढली आणि खाली बघत राहिला. त्याला खरं माहीत होतं. पण मुलाच्या पेटीपाशी उभ्या असलेल्या बापाला आपल्यात कुणी खोटं पाडत नाही. त्यानेही पाडलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही नाही.

काल दुपारी माणसं हॉटेलात उतरल्यावर मी त्याच्याकडे गेलो. खिडकीजवळ पलंग आहे. खूप बारीक झालाय, हात मात्र तेवढेच मोठे. मी म्हटलं, "प्रेदु, मी तिला लिहिणार."

"काय लिहिणार? तुला लिहिता येतं का?"

"येतं तेवढं लिहीन."

"गप्प बस, बान्तिने. तिला रागावायला एक माणूस पुरे. दोन कशाला देतोस? आणि हाक मी मारली होती."

"थांबलो मी होतो."

तो खोकला. खूप वेळ खोकला. मग म्हणाला, "तू लिहिलंस तर ती पोराला पाठवणं बंद करेल. मग इथून कोण जाणार? मी काय बघू?"

आता तेही सांगतो. त्या गल्लीत सावली नसते. दोन्ही ऑगस्ट महिने, रोज सकाळी दहाला, मी एलियाला ब्रेड आणायला तुझ्या वडिलांच्या खिडकीखालून नेत होतो. तू पोराला बंदरावर माझ्या हाती देऊन त्याच बोटीने परत फिरत होतीस, आणि त्याला त्या घरी नेऊ नका म्हणाली होतीस. मी घरी नेलं नाही. फक्त खिडकीखालून. तिथे पोचलो की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. एलिया म्हणायचा, "आजोबा, तुमची नाडी रोज इथेच कशी सुटते?" वर पडद्यामागे प्रेदु असायचा. त्याने कधी हाक मारली नाही. काल मला विचारत होता, "आता दात पडायला लागले असतील ना त्याचे?"

काल त्या वळणावर योस डॉक्टर सायकलवरून उतरले. तिथे लोखंडी क्रूस आहे, त्याला सायकलचं चाक लावलंय. त्यांनी माझ्याकडे बघून बोट दाखवलं आणि मग बोट माझ्याकडे वळवलं. भाषा येत नाही, तरी समजलं. मी हो म्हटलं. त्यांनी हेल्मेट काढलं आणि माझ्याबरोबर कठड्याला टेकून उभे राहिले. परक्या माणसाला मी हो म्हणू शकलो, आणि तुला दोन वर्षं नाही.

मला सर्वांत जास्त काय खातं ते ऐक. तो हसत गेला. तुझा नवरा हसत गेला, कारण त्याचा बाप आणि तुझा बाप पुन्हा बोलत होते. त्याने शेवटचं पाहिलं ते हे. हे तुझं होतं, तुला मिळायला हवं होतं, आणि मी ते दाबून ठेवलं. कारण ते द्यायचं तर बाकीचंही द्यावं लागलं असतं.

२३ तारखेला लारेंतुची दोन वर्षांची प्रार्थना आहे. बोट शुक्रवारी सकाळी ओल्बियाला लागते. तू ये. मी बंदरावर येणार नाही, असुंता येईल. देवळातही मी मागे उभा राहीन, किंवा तू म्हणशील तर येणार नाही. ऑगस्टचं तू ठरव. पोराला पाठवू नकोस असं वाटलं तर पाठवू नकोस. त्याचा स्वेटर माझ्या कपाटात आहे, तो असुंताकडे देऊन ठेवतो. उबदार आहे, तोरिनोला लागेल.

मात्र आधी वडिलांकडे जा. दार लोटलेलंच असतं. आत जाण्याआधी एलियाला त्या खिडकीखाली मिनिटभर उभं कर, आणि वर बघायला सांग. या वेळी नाडी बांधायची गरज नाही.

असुंता हाका मारते आहे. डॉक्टर निघाले, आणि मला त्यांच्या मागे जायचं आहे.

तुझा सासरा म्हणून सही करायचा हक्क तुझ्या उत्तरानंतर,
बान्तिने