बेडकीचं डावं चाक

इंदोरा, नागपूर
१५ नोव्हेंबर १९८१

प्रिय लहानू,

सप्रेम जयभीम. अठरा वर्षांत तुले साधं कार्ड टाकलं नाही, अन् आज हे जाड पाकीट पाहून तू म्हणशील, देवाजी गेला की काय. गेलो नाही, बरा आहे. पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. प्रेमिला मले जरीपटक्याच्या बाजारात भेटली. तिनं सांगितलं की तू काटोलले मोटरपंप दुरुस्त करतो, संत्र्याच्या बागांमध्ये तुझ्या हाताले मोठा मान आहे, पण मोटारगाडीले तू अजून हात लावत नाही. कोणी जीप घेऊन आला तं त्याले दुसऱ्या मिस्त्र्याचा पत्ता देतो. हे ऐकलं अन् मी भाजी न घेताच घरी आलो. आता हे पत्र नीट वाच. फाडायचंच असलं तं शेवटपर्यंत वाचून फाड, तुझा तो हक्क आहे.

ओमप्रकाश सेठची बेडकी परत शेडमध्ये आली आहे. तीच, दोन सीटची लाल विलायती गाडी, बॉनेटवर दोन दिवे डोळ्यांसारखे वर आलेले. काटोल रोडवर उलटल्यावर सेठनं ती कलकत्त्याले पाठवून दुरुस्त करून आणली, पण मग बसायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून गोदामात ताडपत्रीखाली पडून होती. आता सेठ काठी टेकत आला अन् म्हणाला, "देवाजी, मरने से पहले एक बार सिविल लाइन का चक्कर मारूंगा." मी नाही म्हणणार होतो. दादाजी मिस्त्री ऐंशीचे झाले, गॅरेज माझ्यावर सोपवून दिवसभर शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. तेच म्हणाले, घे. तं घेतली.

मागून घरघर येत होती, म्हणून मागच्या दोन्ही चाकांचे हब काढून बेअरिंग पाहायचं ठरलं. आधी उजवी बाजू घेतली. चाक काढलं, ड्रम काढला, आतला लांब दांडा ओढून घेतला, तवा तो पोटातला आठकोनी नट दिसला. नट फिरू नये म्हणून त्यावर दुमडलेली वायसरची कड छिन्नीनं सरळ केली, मोठा पाना लावला, त्यावर पाइप चढवला. एकदा कुरकुरला अन् सुटला. मग पुलर लावून हब इंच इंच बाहेर घेतला. बेअरिंग ठोकून काढलं अन् रॉकेलमध्ये धुतलं. काय सांगू गा तुले. इतकी वर्षं अंधारात, वरून ग्रीस वाळून गुळासारखं झालेलं, अन् धुतल्यावर आतल्या गोळ्या अशा निघाल्या की त्यात मले माझी मिशी दिसली. बोटावर धरून फिरवलं तं आवाजच नाही. मी तसाच फिरवत बसलो, चहा आला अन् थंड झाला. कोणत्या गावच्या माणसानं हे इतकं गोल केलं असंल, त्याले आपलं नागपूर ठाऊक तरी असंल काय, असं काहीबाही मनात येत राहिलं.

असं नवल करायले मले तूच शिकवलं. मी मिलमधून निघालेला, फुटपाथवर सायकली दुरुस्त करणारा माणूस. तू दादाजींच्या मागे लागून मले शेडमध्ये घेतलं. मी नुसता पाना फिरवायचो, तू मात्र उघडलेल्या गिअरबॉक्सपुढे असा उभा राहायचा, जसं कोणी मोठं माणूस घरी आलं आहे. मले तेव्हा हसू यायचं. शेडची रीत तुले माहीत आहे, तरी लिहितो, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं. चाकाचा नट एकानं आवळायचा, अन् वायसरची कड दुमडण्याआधी दुसऱ्यानं पाना लावून पाहायचा. दुसरा हात लागल्याशिवाय दादाजी गाडी बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. उलटायच्या आधी बेडकी शेडमध्ये आली, त्या दिवशी तिच्या मागच्या चाकांना आवळणारा तू होता अन् दुसरा हात माझा होता.

उजवी बाजू पुरी झाली, तू डावीकडचा नट आवळला, तेवढ्यात दादाजींनी तुले ट्रकपाशी बोलावलं. मी पाना लावून नेहमीसारखा ओढला. नट कुरकुरला अन् पाव फेरा फिरला. मले वाटलं, लहानू घाईत सैल सोडून गेला. वायसरची कड जुळली तिथं थांबलो, कड दुमडून टाकली. तुले बोललो नाही, म्हटलं कशाले लाजवायचं. खरं सांगतो, मनातल्या मनात फुशारकीही वाटली की उस्तादाची चूक मी पकडली.

चौथ्या दिवशी काटोल रोडवर डावं चाक निघालं. गाडी उलटून नाल्यात गेली, सेठचा हात मोडला. दादाजींनी सगळ्यांसमोर विचारलं तं मी सांगितलं की नट सैलच होता, मी पाव फेरा आवळला. आपण दोघांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर एका रांगेत उभं राहून शपथ घेतली होती की खोटं बोलणार नाही. मी ती शपथ आठवूनच बोललो. दादाजींनी तुले काढलं. आपल्या सदर भागात कोणत्याच गॅरेजनं तुले उभं केलं नाही. पोट्टे तुले सैल नटवाला म्हणून हाक मारायले लागले, अन् महिन्याभरात तू खोली सोडून गेला. मले भेटलाही नाही, याचा मले इतकी वर्षं राग होता. घ्या, राग मलेच होता.

तं आता डावीकडचा नट. ऐक. पाना लावला, पाइप लावला, दोन गडी लोंबकळले, नट जागचा हलला नाही. दोन दिवस त्याले रॉकेल पाजलं. दादाजी खुर्चीवरून म्हणत राहिले, "काहून जोर लावून राहिला बे, आधी पाहून तं घे." तिसऱ्या दिवशी वैतागून मी नट बसतो त्या नळीचे आटे फडक्यानं साफ केले अन् अंगठ्याचं नख आट्यात ठेवून आवळायच्या अंगानं फिरवलं. नख आत जायले पाहिजे होतं. ते बाहेर येऊ लागलं. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा बाहेर आलं.

उलटा आटा, लहानू. सायकलच्या डाव्या पायडलचा असतो तसाच. पायडलचं मी दहाव्या वर्षापासून जाणतो, अन् इथं माझी अक्कल चरायले गेली होती. गाडी पुढे धावते तेव्हा डावं चाक ज्या अंगानं फिरते, त्या फिरण्यानं नट सुटू नये म्हणून बनवणाऱ्यानं तेवढ्या एका बाजूचं सगळं उलटं करून ठेवलं. त्यानं हजारो मैल दूर बसून हा विचार केला अन् चाकाच्या पोटात लपवून दिला. मी पाना दुसऱ्या अंगानं ओढला, नट लगेच सुटला. तू सैल सोडलाच नव्हता. तू नीट आवळला होता, अन् मी आवळतो समजून पाव फेरा खोलला. त्यावर मीच साक्ष दिली.

पण त्या नटापुढे बसल्यावर मले तुझा प्रश्न आठवला, अन् त्यापुढे बेअरिंगचं नवल काहीच नाही. मी साक्ष दिली तवा तू एवढंच विचारलं होतं, "कोणत्या अंगाले ओढला गा?" मी हातानं दाखवलं, असा, नेहमीसारखा. तू माझ्या हाताकडे पाहत राहिला. त्या शेडमध्ये तो आटा उलटा आहे हे तुले एकट्याले माहीत होतं. म्हणजे तुले त्याच घडीले सगळं कळलं. एक शब्द बोलला असता तं रस्त्यावर मी आलो असतो, अन् तुझी वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती. तू चिंध्यांना हात पुसले अन् दादाजींना म्हणाला, "हो, घाईत सैल राहिला असंल." असा माणूस असू शकते, हे मले अजून पेलत नाही. मी काल शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, सेठलेही सांगितलं. दादाजी म्हणाले, "त्याले लिही." म्हणून लिहून राहिलो. डाव्या बाजूले नवं बेअरिंग बसवलं आहे, नट नुसता बोटानं चढवून ठेवला आहे. तो तू येऊन आवळ, सेठ थांबतो म्हणाला. अन् तुले यावंसं नाही वाटलं तरी एक गोष्ट झालेली आहे. सदरमध्ये कोणालेही विचार सैल नटवाला कुठं राहते, तं ते माझ्या शेडकडे बोट दाखवतील. मीच त्यांना तसं सांगून ठेवलं आहे.

तुझाच,
देवाजी